भित्र्या माणसाने केलेली जमीन

जिना उतरताना ते पाठमोरे उतरत. तोंड आमच्याकडे, दोन्ही हात कठड्याला, आणि एकेक पाऊल चाचपत खाली. रॉटरडॅममधलं आमचं ऑफिस एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं आणि तिथला जिना डच जिन्यांच्या रीतीप्रमाणे जवळजवळ उभाच होता, हे खरं. पण बाकीचे सगळे हातात कॉफीचा कप घेऊन तो धडाधड उतरायचे. हे गृहस्थ मात्र रोज संध्याकाळी सगळ्यांचा निरोप घेत घेत हळूहळू जमिनीखाली जायचे. आधी पाय, मग पोट, मग चष्मा.

नवीन माणूस हसायचा. मीही हसले होते. पुढे एका दुपारी माझा जीव या माणसाच्या भीतीवर टांगलेला होता. तेव्हापासून मी हसायचं सोडलं असं म्हणायला हवं, पण तसं काही नाही. अजूनही आठवलं की हसू येतं. फक्त आता मीसुद्धा कठडा धरून उतरते.

आमचा धंदा व्हिडिओ गेमचा. गेममधली माणसं, घोडे, हत्यारं बाकीचे करायचे. हे जमीन करायचे. डोंगर, दऱ्या, नदीचं पात्र, पायवाटा, खेळणाऱ्याच्या पायाखाली जे जे येईल ते सगळं यांचं. मूळचे भोरच्याही पुढच्या, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावचे. पुण्यात भूगोल शिकले, काही वर्षं नकाशे काढण्यात गेली, मग कुणाच्या तरी ओळखीने या उद्योगात शिरले आणि इथे आले. बायको इथे एक हिवाळा काढून पुण्याला परत गेली. ‘घाबरायला एका घरात दोघं कशाला,’ असं म्हणाली म्हणे. हे आम्हाला तेच सांगायचे, आणि सांगताना तिचं कौतुक वाटत असल्यासारखं सांगायचे.

ते कशाला घाबरत नव्हते, हे सांगणं सोपं जाईल. कालव्याकाठच्या हंसांना घाबरत. चीज कापायच्या पातीला घाबरत. फिरत्या दाराला घाबरत. स्टेशनवरचं काचेचं फाटक आपण मध्ये असतानाच मिटेल, या धास्तीने एखाद्या थोराड बाईच्या पाठीला चिकटून आत शिरत. एकदा त्या बाईने असा काही आवाज चढवला की पुढचे कित्येक दिवस ते ट्रामने आले. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायचं तर दुहेरी संकट. इथला डॉक्टर ज्याला त्याला पॅरासिटॅमॉल घ्या म्हणून घरी पाठवतो. ‘पॅरासिटॅमॉल सांगितली तर याने नीट तपासलंच नाही अशी भीती,’ ते म्हणायचे, ‘आणि नाही सांगितली तर मग संपलंच की हो.’

महिन्यातून एकदा, सोमवारी भर दुपारी, देशभर धोक्याचे भोंगे वाजवून बघतात. इथे आलेल्या प्रत्येकाची पहिल्या वेळी पाचावर धारण बसते आणि दुसऱ्या वेळेपासून कुणी मान वर करून बघत नाही. यांची मात्र दर वेळी बसायची. भोंगा वाजला की हातातलं काम थांबवून ते खिडकीपाशी जायचे आणि रस्त्याकडे बघत राहायचे. मी एकदा म्हटलं, ‘अहो, चाचणी आहे.’ ते म्हणाले, ‘तेच ना. खरोखर काही झालं आणि तो सोमवार असला, तर कुणाला कळणार आहे?’ त्या दिवशी मी पण त्यांच्याशेजारी उभी राहून रस्ता बघितला. सायकली चालल्या होत्या, एक बाई कुत्र्याला फिरवत होती. भोंगा थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि मला त्यांचा राग आला.

या ‘अहो’ची एक गंमत आहे. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचे. बॉससुद्धा, जो एक लांबलचक डच तरुण होता. मला वडिलांच्या वयाच्या मराठी माणसाला नावाने हाक मारणं जमेना, ‘काका’ म्हटलेलं त्यांना चालेना, ‘सर’ म्हटलं की ते मागे वळून कोण आलंय ते बघायचे. शेवटी उरलं ‘अहो’. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा मी घरून काम करत होते. मी फोनवर कुणाला तरी ‘अहो, तुमची दरी फार रुंद झालीय,’ असं म्हणतेय आणि नवऱ्याला मात्र ‘अरे, दूध आण’ म्हणतेय, हे त्यांनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला बाजूला घेऊन विचारलंच.

मी इथे नवऱ्याच्या नोकरीमागे आले. पुण्यात आर्किटेक्ट होते. इथे पहिली वर्षं न्यूनेनसारख्या शांत गावात मुलीला वाढवण्यात आणि डच क्रियापदं पाठ करण्यात गेली. रॉटरडॅमला आल्यावर या स्टुडिओत अर्ज केला, कारण जाहिरातीत ‘भूरूप’ अशा अर्थाचं काहीतरी होतं आणि कॉलेजात मी पुठ्ठ्याचे थर चिकटवून टेकड्यांची मॉडेलं पुष्कळ केली होती. मुलाखतीला समोर हे. माझं आडनाव वाचून थेट मराठीत आले.

‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’

मी म्हटलं, ‘तशी फारशी कशाची नाही.’ मुलाखतीत असंच सांगतात.

त्यांचा चेहरा पडला. ‘मग अवघड आहे,’ ते म्हणाले. ‘शिकावं लागेल.’

पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या एका दरीत सोडलं. कानाला हेडफोन, हातात कंट्रोलर, समोर पडदा. ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. उडायचं नाही.’ उडायचं नाही हा त्यांचा कायदा होता. काम करताना आम्हाला पडद्यावर पक्ष्यासारखं वरून कुठेही जाता येतं, आणि सगळे तसंच करतात. ते म्हणायचे, ‘वरून सगळंच सोपं दिसतं. ज्याला चालायचंय त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा.’ तर मी चालू लागले. दरीत काही नव्हतं. दगड, वाळकं गवत, एक कोरडा ओढा. पण वाट अशी होती की दर थोड्या अंतराने एक लहानसा उंचवटा यायचा आणि त्याच्या पलीकडचं दिसायचं नाही. चढून गेलं की पलीकडे काहीच नसायचं, आणि पुढे आणखी एक उंचवटा. आजूबाजूचे कडे प्रत्येक वळणावर किंचित जवळ आलेले. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी कुणीतरी केक कापत होतं, आणि मी मध्येच हेडफोन काढून ठेवला.

‘काय दिसलं?’ त्यांनी विचारलं.

‘काही नाही.’

‘हां,’ ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या मते राक्षसाला माणूस एकदाच घाबरतो, कारण राक्षस दिसतो. पुढचं न दिसणाऱ्या वाटेला तो पुन्हा पुन्हा घाबरतो.

गेममधली जमीन करायची रीत सांगायला सोपी आहे. आधी एक करड्या रंगाचं चित्र असतं. जितकं पांढरं तितकं उंच, जितकं काळं तितकं खोल. संगणक त्या चित्रावरून डोंगर उभे करतो. ते चित्रही संगणकच आपल्या मनाने ठिपके उधळून करू शकतो, आणि घाईत असलेले लोक तेवढ्यावर भागवतात. हे असल्या डोंगरांना डोंगर म्हणायचे नाहीत. ‘ही उशी आहे,’ म्हणायचे, ‘हिच्यावर पाऊस कुठे पडलाय?’ मग पाऊस पाडायचा. संगणकात पाण्याचे लाखो थेंब सोडायचे, ते उताराने वाहतात, माती खरवडतात, खाली नेऊन टाकतात. डोंगराच्या धारा उघड्या पडतात, घळी पडतात, पायथ्याशी गाळाचे पंखे पसरतात. हे चालू असताना ते पडद्याला नाक लावून बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, ‘पाणी कुठे जाईल?’ त्यांना पोहता येत नव्हतं. ‘ज्यांना येतं ते पाण्याचा विचार करत नाहीत,’ असं त्यांचं म्हणणं. माझी मुलगी इथल्या सगळ्या मुलांसारखी पोहण्याचा पहिला, ‘ए’ डिप्लोमा घेऊन मोकळी झाली होती आणि मला म्हणायची, ‘आई, you don’t even have A.’ मी हे त्यांना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, ‘तिला सांगा, मी पण त्याच वर्गात आहे.’

दोघं मराठी असल्यामुळे आमचं जमिनीचं बोलणं मराठीत चाले. खिंड, सोंड, नाळ, कपार, बेचकं, माळ. डच भाषेत डोंगराला शब्द मोजके, कारण डोंगरच नाहीत; इंग्रजीतले शब्द त्यांना बोथट वाटायचे. पण या मराठीने एकदा घोळ घातला. ते फोनवर म्हणाले, ‘ओढ्याच्या अलीकडची जमीन जरा उचला.’ मी उचलली. ती नेमकी पलीकडची निघाली. मी वरून, नकाशासारखं बघत होते, आणि माझ्या दृष्टीने खालची बाजू ती अलीकडची. ते नेहमीप्रमाणे गेमच्या आत, ओढ्याकाठी उभे होते. दिवसभराचं काम वाया गेलं. त्यावर त्यांनी नियमच घालून दिला: अलीकडे म्हणजे जो खेळतोय तो जिथे उभा आहे ती बाजू. खेळणाऱ्याने ओढा ओलांडला की अलीकडे-पलीकडे आपोआप बदलायचं. हा नियम आम्ही इतका अंगी बाणवला की घरीसुद्धा मी ‘टेबलाच्या अलीकडची डिश’ म्हटलं की नवरा गोंधळायचा.

नवा गेम आला तो समुद्राचा. एक माणूस ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावरून चालत एका बेटाकडे निघालाय, भरती यायच्या आत त्याला पोचायचंय. हत्यारं नाहीत, शत्रू नाही. फक्त जमीन आणि पाणी. म्हणजे पुरा गेम यांच्यावरच. आणि तोच जमेना. आम्ही केलेल्या चिखलावर खेळून बघणारे आरामात चालत जायचे, भरती आली की ‘ओह’ म्हणायचे आणि पुन्हा सुरू करायचे. सपाट जमिनीत भीती कुठे लपवायची हे या घाटातल्या माणसाला कळत नव्हतं. ते खंगले. ‘इथे तर सगळंच दिसतंय हो,’ म्हणायचे. शेवटी बॉस म्हणाला, तुम्ही दोघं उत्तरेला जा आणि खरा वाड बघून या.

वाड म्हणजे उत्तरेच्या किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र. ओहोटीला पाणी मागे हटतं आणि नजर पोचेल तिथपर्यंत ओली राखाडी जमीन उघडी पडते. लोक वाटाड्या घेऊन त्यावर चालायला जातात. आम्ही चालायला गेलो नव्हतो. डाइकवरून, म्हणजे समुद्र अडवणाऱ्या त्या हिरव्या मातीच्या बांधावरून, बघायचं, पायथ्याच्या दगडांपाशी उतरून थोडे फोटो काढायचे आणि परतायचं, असं ठरलं होतं. भरतीची वेळ त्यांनी आदल्या दिवसापासून इतक्यांदा तपासली होती की मलाच पाठ झाली. वाटाड्याशिवाय आत जाऊ नका असा फलक होता. तो त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. चिखलात पडतील म्हणून दोघांचेही फोन गाडीत ठेवायला लावले. स्टुडिओचा कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता, त्याचा पट्टा त्यांनी दोनदा गुंडाळला होता.

एप्रिलची दुपार होती, वारा नव्हता. दगडांच्या पुढे चिखल घट्ट होता, पाय जेमतेम रुतत होता. तिथेच त्यांना एक ओहोळ दिसला. हाताच्या बोटांसारख्या बारीक रेघा डाइकपासून निघालेल्या, त्या एकमेकींना मिळत मिळत एक चर झालेला आणि तो चर वळणं घेत समुद्राकडे गेलेला. ते उकिडवे बसले. मग उठले आणि त्याच्या काठाने चालायला लागले.

‘हा उलटा ओढा आहे!’ ते ओरडले. ‘याचं शेपूट जमिनीकडे आणि तोंड समुद्राकडे. भरतीला पाणी यातून वर चढणार. समोरून येणारच नाही ते! आधी या चरांमधून मागे जाणार, मागचं सगळं भरणार, आणि आपण इथे कोरडे उभे!’

आनंदाने त्यांचा आवाज फाटत होता. मी त्यांना तोवर कधी न घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ते भराभर पुढे जात होते, वाकून फोटो काढत होते, चरावरून उडी मारून इकडे येत होते, पुन्हा तिकडे जात होते, आणि मी त्यांच्यामागे. डाइक मागे खूप लहान झाला होता. त्या दिवशीचा खरा धोका तेव्हाच, त्यांच्या त्या आनंदात सुरू झाला, पण मला तो आनंद बघून इतकं बरं वाटत होतं की माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

धुकं आलं ते समुद्राकडून, आवाज न करता. आधी बेट गेलं, मग आकाश आणि चिखल यांच्यामधली रेघ गेली, मग ते गेले. मी चराच्या समुद्राकडच्या काठावर एक शिंपल्यांचा पट्टा बघत होते. मान वर केली तर चहूकडे पांढरं. मी हाक मारली. धुक्यातून त्यांचा आवाज आला, घाबरलेला, नेहमीचा.

‘अलीकडेच राहा! ओहोळाच्या अलीकडेच राहा! मी निघालो!’

मी राहिले. खेळणारा उभा असतो ती बाजू अलीकडची. मी जिथे उभी होते तिथे पाय रोवून उभी राहिले. मी चर ओलांडून गेलेय हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते डाइकच्या बाजूला होते, त्यांना वाटलं मीही त्याच बाजूला, त्यांच्या पुढेमागेच आहे. ‘मी निघालो’ म्हणजे ते परत निघाले होते. मला वाटलं, माझ्याकडे निघालेत.

थोडा वेळ गेला. कुणी आलं नाही. मग मला पाण्याचा आवाज ऐकू आला. लाटेचा नव्हे. नळ किंचित उघडा राहिल्यावर बादलीत येतो तसला. तो माझ्यामागून, डाइकच्या बाजूने येत होता. मी आवाजाकडे चार पावलं गेले आणि पुढचं पाऊल पाण्यात पडलं. ज्या चरावरून मी सहज उडी मारून आले होते त्याचा दुसरा काठ आता दिसतच नव्हता. पाणी करडं होतं आणि वेगात, न हेलकावता, एका दिशेने चाललं होतं.

मी ओरडले. ‘अहो!’ पुन्हा ओरडले. धुक्यात हाक लांब जात नाही, तोंडापुढेच पडते असं वाटतं. नाव घेऊन ओरडले, जे मी कधीच घेतलं नव्हतं. उत्तर आलं नाही. मला पुण्याच्या टिळक तलावात शिकलेलं पोहणं येत होतं, पण जाड जाकीट, बूट आणि ते बर्फासारखं पाणी, आणि कुठल्या बाजूला पोहायचं? मुलीला शाळेतून आणायला आज नवरा जाणार होता. तिला काय सांगतील, कोण सांगेल, डचमध्ये सांगतील का, असले विचार यायला लागले. मुलाखतीत ज्या बाईला कशाची फारशी भीती वाटत नव्हती, ती लहान मुलासारखी भोकाड पसरून रडत होती. पाणी बुटांवर आलं.

मग, किती वेळाने सांगता येणार नाही, त्यांचा आवाज आला. दूर, पण आला.

‘पाणी कुठल्या बाजूला चाललंय? हाताने सांगू नका, मला दिसत नाही! डावीकडे की उजवीकडे?’

‘डावीकडे!’

‘मग डावीकडे चला! पाण्याबरोबर! काठ सोडू नका!’

माझं सगळं अंग उलट दिशेला ओढत होतं. पाणी जिकडून येतंय तिकडे समुद्र, हे मला कळत होतं, पण पाणी ज्या बाजूला धावतंय त्याच बाजूला आपणही जायचं म्हणजे त्याच्या तोंडी जाणं वाटत होतं. मी तशीच उभी राहिले.

‘अहो बाई, चला! शेपूट उथळ असतं! शेपटाकडे चला!’

मी चालले. एका पायाखाली चिखल, दुसरा पाण्यात. त्यांचा आवाज दुसऱ्या काठाने माझ्याबरोबर चालत होता. ते सूचना देत नव्हते. ते नुसतं म्हणत होते, ‘भीती वाटतेय. फार भीती वाटतेय. पाय सटकतोय. फार भीती वाटतेय.’ एकसारखं, मोठ्याने. त्या आवाजाने मला जो धीर दिला तो ‘घाबरू नका’ म्हणणाऱ्या कुणाही माणसाने दिला नसता. मीही म्हणायला लागले, ‘मलाही. मलाही.’ चराला एक फाटा फुटला, मग दुसरा, आणि पाणी पसरून गुडघ्याएवढं झालं. धुक्यातून आधी चष्मा दिसला. ते कमरेपर्यंत भिजले होते, कॅमेरा कुठेतरी गेला होता. पाण्यातून पार माझ्यापर्यंत येऊन त्यांनी माझं मनगट असं धरलं की नंतर तिथे काळंनिळं झालं. पोहता न येणारा तो माणूस पाण्यात एकेक पाऊल चाचपत, आधी टाच, मग पंजा, मला घेऊन गेला. ओहोळाच्या बारीक बोटांपैकी एक धरून आम्ही दगडांपर्यंत आलो. वर गवतावर मेंढ्या चरत होत्या.

तो गेम पुढे निघाला. त्यातला चिखल मी केला. त्यांनी हात लावला नाही, फक्त रोज चालून बघितला. समोरून भरती येत नाही आता. खेळणारा कोरडा असतो आणि मागे काहीतरी भरत असतं, ते त्याला फक्त ऐकू येतं. पहिल्यांदा खेळून बघणाऱ्यांमधल्या एका धिप्पाड पोराने मध्येच कंट्रोलर ठेवून खिडकी उघडायला सांगितली. गेम बाजारात आल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि ते दक्षिणेला, लिम्बुर्गला राहायला गेले, कारण या देशात चढ म्हणावा असा तेवढाच आहे. आता त्यांना दरड कोसळायची भीती वाटते. तिथल्या शेजाऱ्यांनी ती टेकडी हलणार नाही असं समजावलं, तर फोन करून मला म्हणाले, ‘यांनी डोंगर पाहिलेत कुठे?’

पण मला सांगायचंय ते परतीच्या वाटेचं. गाडी मी चालवली. आम्ही दोघंही ओले, हीटर पुरा उघडलेला. आफ्स्लाउटडाइक लागला. भर पाण्यातून मैलोन्‌मैल सरळ गेलेला तो रस्ता. डावीकडे तळं दिसतं, आणि उजवीकडे उंच बांध, त्याच्यामागे समुद्र असतो पण गाडीतून दिसत नाही. धुकं इथे नव्हतंच. ते त्या बांधाकडे बघत बसले होते. मग बोलले.

‘मी दगडांवर पोचलो होतो.’

मी रस्त्यावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

‘वर येऊन बघितलं तर तुम्ही नाही. मग तुमची हाक आली. स्पष्ट आली. नाव घेतलंत तीही ऐकली. मी उत्तर दिलं नाही.’ ते अजून बांधाकडेच बघत होते. ‘उत्तर दिलं असतं तर यावं लागलं असतं ना. म्हणून गप्प उभा राहिलो. पुष्कळ वेळ. तुम्हाला ऐकत होतो.’

मी तिथे उभी राहून ओरडत होते तो सगळा वेळ परत आला, आणि आता त्या धुक्यात माझ्यासमोर एक माणूस होता, जो ऐकत होता. संताप आला. गाडी थांबवावी, यांना उतरवावं असं खरोखर वाटलं. पण त्या रस्त्यावर थांबता येत नाही. मी विचारलं, ‘मग आलात कशाला?’

ते बराच वेळ शब्द शोधत राहिले. खोटं बोलायचं असतं तर एवढा वेळ लागला नसता.

‘वर जास्त भीती वाटायला लागली,’ ते म्हणाले.

पुलाखालचे पाणी सोडायचे दरवाजे मागे गेले, टपऱ्या मागे गेल्या. माझा राग गेला असं नाही, पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते मोठं होतं: मी जिवंत होते, आणि संध्याकाळी मुलीला जेवायला वाढणार होते. रस्ता संपत आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, ‘उद्या ऑफिसला याल ना?’

‘येईन,’ मी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.